स्वयंसेवकांची हजेरी कोण घेणार?

गाडगेबाबांचं बालपण गेलं ते दापुरे गाव मूर्तिजापूर तालुक्यातलं. स्वयंसेवा म्हणजे काय, हे या भागाला कोणी नव्याने सांगायची गरज नाही. पण खराटा घेऊन आलेला माणूस दिसतो आणि त्याने झाडलेला रस्ताही दिसतो. मोबाइलवरून शिकवणी घेणारा किंवा अंधांसाठी पुस्तक वाचून ध्वनिमुद्रित करणारा स्वयंसेवक मात्र कोणाच्याच नजरेला पडत नाही. मग संस्था त्याच्यावर लक्ष ठेवायला सॉफ्टवेअर शोधू लागतात आणि बहुतेकदा तिथेच चुकतात.

पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा २०१६ मध्ये तीन तालुक्यांत सुरू झाली, त्यातला एक अमरावती जिल्ह्यातला वरुड. पुढे शहरातल्या लोकांनी ‘जलमित्र’ म्हणून ऑनलाइन नावं नोंदवली आणि १ मेच्या श्रमदानाला गावं गाठली. तिथे नोंदणी पुरेशी होती. दिवस एक, जागा ठरलेली, खोदलेला चर समोर. दर मंगळवारी अर्धा तास गणित शिकवणाऱ्याचं तसं नसतं. तो एक आठवडा आला नाही, तर मुलं स्क्रीनकडे बघत बसतात.

अशा कामात काय मोजायचं, हे आधी ठरायला हवं. राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तासांची अट असल्यामुळे महाविद्यालयांना तासांची सवय आहे. मात्र तास भरले म्हणजे अपूर्णांक शिकवून झाले, असं नाही.

या बाबतीत मराठी विकिस्रोत बघण्यासारखं आहे. तिथे जुन्या पुस्तकांची पानं स्वयंसेवक तपासतात. एकाने तपासलेलं पान पिवळं होतं. दुसऱ्याने पुन्हा तपासलं तरच ते हिरवं होतं, पहिल्याला ते स्वतः हिरवं करता येत नाही. कोणी, कधी, काय बदललं हे ‘इतिहास’मध्ये आपोआप नोंदलं जातं. वेगळी हजेरी घ्यावीच लागत नाही, कारण नोंद माणसाची नाही, कामाची होते.

छोट्या संस्थेला सुरुवातीला गुगल शीट पुरे: तारीख, वेळ, शिकवणारा, बदली शिक्षक, कुठपर्यंत झालं. व्हॉट्सॲपवर मात्र हे जमत नाही. ‘मी घेतो’ हा निरोप वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडला जातो. परदेशातले मराठी स्वयंसेवक असतील, तर शीटही कमी पडते. मूर्तिजापुरात संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे साडेनऊ असतात आणि हिवाळ्यात साडेआठ. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये तिकडची घड्याळं बदलतात, त्या आठवड्यात हमखास घोळ होतो. हा फरक सांभाळून आठवण पाठवणारं सॉफ्टवेअर पैसे देऊन घ्यावं, त्यात उधळपट्टी नाही.

फुकटालाही खर्च असतोच. सिव्हीसीआरएम हे संस्थांसाठीचं सॉफ्टवेअर मुक्त आहे, पण ते सर्व्हरवर बसवून सांभाळणारा माणूस लागतो. केंद्र सरकारचं ‘माय भारत’ पोर्टल २०२३ पासून आहे. तरुण शोधायला त्याचा उपयोग होतो, पण मंगळवारच्या तासाला बदली शिक्षक संस्थेलाच शोधावा लागतो.

म्हणून विक्रेत्याला साध्या गोष्टी विचाराव्यात. साध्या मोबाइलवर, मराठीत वेळापत्रक दिसतं का? येता येत नसेल तर जागा दुसऱ्याला लगेच देता येते का? उद्या सोडायचं ठरलं तर सगळी माहिती फाइलमध्ये मिळते का? मुलांची नावं नोंदवायची असतील, तर आणखी एक बंधन येतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांच्या संमतीची अट आहे.

निर्णयाआधी महिनाभर शीटवर काम करून बघावं आणि समन्वयकाचा वेळ नेमका कशात जातो ते टिपून ठेवावं. खरेदी झालीच, तर खातं संस्थेच्या ईमेलवर उघडावं. समन्वयक बदलतात, आणि त्यांच्या खासगी ईमेलबरोबर वर्षभराच्या नोंदीही निघून जातात.