वाईनच्या गावांना एकट्यानं जा, आणि घाई करू नका



जानेवारी उजाडला की आपल्याकडं अभ्यास दौऱ्यांच्या बसा सुटतात. पन्नास माणसं, पुढं बॅनर, एका वायनरीत पाऊण तास, टाक्यांसमोर ग्रुप फोटो, जेवण, परत. असल्या दौऱ्यातून शेतकऱ्याला काहीही कळत नाही हे माझं मत. कृषी खात्यातले मित्र रागावतील, रागावू द्या. बसमधून उतरलेल्या पन्नास जणांना वायनरीवाला जे दाखवतो तेच ते बघतात. प्रश्न विचारायला एकाचाही हात वर होत नाही, कारण जेवणाची वेळ झालेली असते.

ज्याला वाईनची द्राक्षं लावायचीत, किंवा लावलीत आणि पस्तावतोय, त्यानं एक दिवस एकट्यानं काढावा. मोटारसायकल घ्या, रिफ्रॅक्टोमीटर खिशात टाका. नाशिकहून गंगापूर धरणाच्या अंगानं गिरणारे, तिथून दिंडोरी, वणी, खाली पिंपळगाव बसवंत, मग निफाड आणि विंचूर. मी हेच केलं. कुणाशी बोलायची घाई नाही, कुणाची वाट बघायची नाही. चहाच्या टपरीवर अर्धा तास बसलं की जे कळतं ते चर्चासत्रात कळत नाही.

रस्त्यानं जातानाच फरक दिसतो. खाण्याच्या द्राक्षाला मंडप नाहीतर वाय, वाईनच्या द्राक्षाला सरळ उभ्या तारा, घड लहान, मणी बारीक. जीएचं डिपिंग नाही, थिनिंग नाही, त्यामुळं मजूर कमी. एकरी खर्च कमी येतो, उत्पादनही कमी. इथपर्यंत प्रत्येक साहेब सांगतात आणि ते खरंच आहे. पुढचं कोणी सांगत नाही.

पुढचं असं. थॉमसनचा भाव पडला तर तुमच्याकडं रस्ते असतात. एक्स्पोर्ट फिसकटलं तर लोकल मार्केट, ते नाही तर बेदाणा. शिराझ किंवा सोविन्यॉं ब्लांकचं काय करणार? बी असलेला बारीक मणी, ना बाजारात चालतो, ना बेदाणा होतो. एकच गिऱ्हाईक, आणि त्या गिऱ्हाईकाला हे तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं. 2008 नंतर मंदी आली, वायनऱ्या अडचणीत आल्या, तेव्हा आपल्या जिल्ह्यात वाईनच्या बागा उपटल्या गेल्या. त्या गावांत आजही जुनी माणसं हे सांगतात, फक्त विचारायला थांबलं पाहिजे.

आता मुख्य मुद्दा, काढणीची तारीख. तुमच्या बागेत ब्रिक्स 22 ला पोचलं. तुम्ही फोन करता. तिकडून उत्तर येतं, टाकी रिकामी नाही, आठ दिवस थांबा. या आठ दिवसांत काय होतं ते कृषी पदवीधरांनी मला शिकवू नये, मी तराजूवर बघितलंय. मण्यातलं पाणी उडतं, वजन घटतं. साखर वाढलेली दिसते, आम्ल उतरतं, पीएच वर जातो. वर पाखरं आणि मधमाश्या आहेतच. पैसे मिळणार किलोवर, म्हणजे घट तुमची. आणि पीएच जास्त गेला म्हणून माल कापला, तर तोही तोटा तुमचाच. उशीर केला त्यांनी, भरपाई केली आपण. माझ्या बागेत हे दोन हंगाम झालंय. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका कंपनीचा नाही, करारात या आठ दिवसांबद्दल ओळच नसते त्याचा आहे.

त्या दिवशी दुपारी एका वायनरीच्या टेस्टिंगला बसलो. (गाडी चालवायची असेल तर घोट तोंडात फिरवून थुंका, त्यासाठी भांडं ठेवलेलं असतं, त्यात लाज नाही.) पोरगा चांगला होता, ग्लास कसा धरायचा, वास कसा घ्यायचा, सगळं सांगत होता. म्हणाला, ही आमच्या मळ्यातली द्राक्षं. मी विचारलं, सगळी? मग म्हणाला, काही करारावरची. कुठल्या गावची? ते त्याला माहीत नव्हतं. त्याचा दोष नाही, त्याला कोणी सांगितलेलंच नाही.

हिशोब करून बघा. किलोभर द्राक्षापासून साधारण सहाशे ते सातशे मिली वाईन निघते. म्हणजे 750 मिलीच्या बाटलीत सव्वा किलोच्या आत-बाहेर माल. किलोला 45 रुपये धरले तर 56 रुपयांची द्राक्षं, आणि बाटली 800 ची. बाटली, बूच, टाकी, कूलिंग, कर, दुकानदाराचं कमिशन, सगळं मान्य. वाईन करणं सोपं नाही हेही मान्य. पण किलोला पाच रुपये वाढवून मागितले की उद्योग बुडेल असं जे सांगतात, त्यांनी बाटलीमागं सव्वासहा रुपयांनी उद्योग कसा बुडतो ते कागदावर मांडून दाखवावं.

2001 साली राज्यानं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, विंचूरला वाईन पार्क झालं. 2022 च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाईन विकायचा निर्णय मंत्रिमंडळानं घेतला तेव्हा केवढा गोंधळ झाला आठवतं का? एक बाजू म्हणे शेतकऱ्याच्या भल्यासाठी, दुसरी म्हणे संस्कृती बुडाली. दोन्हीकडच्या एकानंही करारपत्र मागवून वाचलं नाही.

आणि पर्यटनाचं कौतुक सांगणाऱ्यांनी शनिवारी दिंडोरीच्या किंवा निफाडच्या बाजारात उभं राहावं. मुंबई-पुण्याच्या गाड्या थेट वायनरीच्या गेटात शिरतात आणि थेट हायवेला लागतात. टपरीवाल्याला विचारलं तर तो हसला. निफाड तालुक्यातच नांदूर मध्यमेश्वर आहे, 2020 साली राज्यातलं पहिलं रामसर क्षेत्र म्हणून जाहीर झालं, हिवाळ्यात पाखरांनी भरलेलं असतं. वाईनच्या टेबलावर त्याचा साधा नकाशाही ठेवलेला दिसला नाही.

फ्रान्समध्ये शॅम्पेनच्या लेबलवर बारीक अक्षरांत दोन अक्षरी खूण असते. आरएम असेल तर स्वतःच्या द्राक्षाची वाईन करणारा बागाईतदार, एनएम असेल तर द्राक्ष विकत घेणारं घराणं. गिऱ्हाईकाला वाचता येतं. आपल्याकडं नाशिकच्या नावावर माल विकला जातो, मग कोराटे, मोहाडी, उगाव ही नावं बाटलीवर यायला काय हरकत आहे?

करारात मला तीन ओळी हव्यात. ब्रिक्स आणि पीएच शेतकऱ्यासमोर मोजून त्याच दिवशी पावती. ठरल्या ब्रिक्सनंतर उशीर कंपनीमुळं झाला तर रोजच्या घटीचे पैसे. आणि पीएच त्या उशिरात चढला असेल तर कपात नाही. पुढच्या हंगामाचे करार एप्रिलच्या खरड छाटणीआधी व्हावेत, छाटणी झाल्यावर सही करायला बसणाऱ्याच्या हातात काहीच उरत नाही. ज्यांच्या करारात यातली एकही ओळ आहे त्यांनी नाव झाकून त्या पानाचा फोटो पाठवा. मार्चअखेर सगळी पानं एकत्र करून इथंच टाकतो.