विश्लेषण : पंचगंगेकाठचा ग्रीक देव काय सांगतो?

खंडाळ्याहून महामार्गाने कोल्हापूरला जाणारे बहुतेकजण अंबाबाईचे दर्शन घेऊन परततात. टाउन हॉल संग्रहालयातला पोसायडन पाहायचा राहूनच जातो. ग्रीकांच्या या समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती १९४०च्या दशकात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर मिळाली. तिच्यासोबत इतर कांस्यवस्तूही होत्या. पुढे १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथे उत्खनन केले आणि सातवाहनकालीन विटांची घरे उजेडात आली. रोमन व्यापाराचा माल सह्याद्री ओलांडून इथवर येत होता, हे त्यातून कळले.

हीच मूर्ती गुपचूप विकली गेली असती, तर ती नुसती शोभेची वस्तू उरली असती. वस्तूइतकीच ती सापडल्याची जागाही मोलाची असते.

विहीर किंवा घराचा पाया खणताना आजही असे काही हाती लागू शकते. १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाच्या अशा ठेव्याची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. सरकारने तो घेतल्यास मोबदल्याचीही तरतूद आहे. पण लोकांना कायदा ठाऊक नसतो. भीती मात्र असते. म्हणूनच प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर हा नियम, मोबदल्यासह, सोप्या मराठीत लिहिला पाहिजे.