आधी नातं ओळखा, मग हुक लावा

मागच्या व्हिडिओत आपण स्वीटसीआरएम या ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये लॉजिक हुक कसा लावायचा ते पाहिलं. तेव्हापासून एकच प्रश्न येतोय, "सर, सगळे कॉन्टॅक्ट आपोआप आपापल्या कंपनीला जोडले जातील का?" जातील. पण माझं स्पष्ट मत आहे, सगळे जोडू नका.

हुक म्हणजे काय? तुम्ही कॉन्टॅक्ट सेव्ह केला की त्याच क्षणी तुमचा छोटासा पीएचपी कोड चालतो. तो ईमेलचं डोमेन बघतो, तेच डोमेन असलेली कंपनी शोधतो आणि दोघांना जोडतो. रोजची कटकट वाचते.

आता माझी चूक सांगतो. पहिल्यांदा हा नियम लावला तेव्हा मी जीमेल वगळायलाच विसरलो. एका ग्राहकाच्या कंपनीच्या नोंदीत जीमेलचा पत्ता होता. झालं! जीमेलवाले सगळे त्याच्याच कंपनीत जाऊन बसले. मी त्या कंपनीच्या सगळ्या कॉन्टॅक्टना खास दराचं कोटेशन पाठवलं, ते त्याच्या स्पर्धकालाही गेलं. फोन आला, "साहेब, माझा भाव बाजारात कसा पोचला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते गिऱ्हाईक परत आलं नाही. कोड चुकला नव्हता, मी सांगितलं तेच त्याने केलं.

म्हणून सांगतो, जे नातं अपवादासकट एका वाक्यात सांगता येतं, तेवढंच हुकवर सोडा. "कंपनीचं स्वतःचं डोमेन जुळलं तर जोड, जीमेल, याहू, रेडिफमेल असेल तर हात लावू नको." हे चालेल. पण खरेदीचा निर्णय कोण घेतो, हे डोमेनवरून कळत नाही. दुकानात मुलगा बसतो, चेकवर सही वडिलांची लागते. हे चहा पिताना कळतं, आणि ते हातानेच लिहायचं.

अजून दोन गोष्टी. सेव्ह झाल्यावर चालणाऱ्या हुकमध्ये तोच कॉन्टॅक्ट पुन्हा सेव्ह केलात तर हुक पुन्हा चालतो आणि चक्र थांबतच नाही. त्यामुळे थांबायची अट आधी घाला. दुसरं, पहिला महिना हुकला थेट जोडू देऊ नका. "हे जोडायचं का?" एवढाच टास्क बनवू द्या आणि रोज संध्याकाळी स्वतः तपासा. महिनाभर चूक सापडली नाही, तरच मोकळं सोडा.

तुमच्या धंद्यातला असा एक नियम एका वाक्यात खाली लिहा. पुढच्या व्हिडिओत त्यातल्याच दोन नियमांचा कोड लिहू.