केसपेपरवरचा पत्ता

पुण्याजवळच्या हिंजवडीत आयटी कंपन्यांमुळे रोज लाखोंची ये-जा असते, तरी सरकारदरबारी ती मुळशी तालुक्यातली एक ग्रामपंचायतच आहे. त्यामुळे आरोग्यसेवा मिळते तीही ग्रामीण निकषाने : ५,००० वस्तीला एक उपकेंद्र, ३०,००० ला एक प्राथमिक आरोग्य केंद्र. वस्ती कोणती, तर २०११ च्या जनगणनेतली. त्यानंतर उठलेले टॉवर त्यात नाहीत. ते बांधणारे मजूर, कंपन्यांतले सफाईवाले, कॅन्टीनची पोरे, सुरक्षारक्षक यांतल्या अनेकांची नोंद मराठवाड्यातल्या नाहीतर बिहारमधल्या गावी.

आजारी मात्र ही माणसे इथेच पडतात. आधी नाक्यावरचा खासगी दवाखाना, खिसा रिकामा झाला की औंधचे जिल्हा रुग्णालय किंवा पिंपरी-चिंचवड महापालिकेचे वायसीएम रुग्णालय. पिंपरी-चिंचवडची वस्ती १९९१ मध्ये सुमारे ५ लाख होती. २०११ मध्ये ती १७ लाखांवर गेली. महापालिकेने थेरगाव, भोसरी, आकुर्डीत रुग्णालये उभारून भार थोडा वाटला. पण मावळ, मुळशी, खेडचा गंभीर रुग्ण आजही वायसीएमच्याच दारात येतो. त्याच्यासाठी वेगळी तरतूद कोणाच्याच अंदाजपत्रकात नसते.

तरतूद झाली तर इमारत लवकर होते. मे २०२० मध्ये विप्रोने हिंजवडीतील आपले संकुल ४५० खाटांच्या कोविड रुग्णालयासाठी द्यायचे ठरवले आणि जूनमध्ये ते तयार झाले. परिचारिका घडायलाच मात्र तीन वर्षे लागतात. तिची जागा भरायची तर आधी आकृतिबंधात पद हवे, मग वित्त विभागाची मान्यता, बिंदुनामावली, जाहिरात. तोवर कंत्राटी माणूस घ्यायचा. त्याला कायमची नोकरी मिळाली की तो जाणार आणि एकाच पाळीत एका परिचारिकेवर दोघींचे काम पडणार.

जनगणना २०२७ मध्ये होईल, पण तिच्या आकड्यांवर पदे मंजूर व्हायला आणखी काही वर्षे जातील. तोवर वाढलेल्या वस्तीचा पुरावा आपल्याच ओपीडीत तयार होतो आणि आपणच तो वाया घालवतो. घाईत केसपेपरवर आधार कार्डावरचा गावचा पत्ता उतरवला जातो, आणि हिंजवडीचा रुग्ण हिंजवडीच्या हिशेबातून पुन्हा गळतो. पदांच्या मागणीचा प्रस्ताव जातो तेव्हा सोबत नुसती 'प्रचंड गर्दी' जाते. वाचकांतील वैद्यकीय अधीक्षकांना आमची विनंती एवढीच : केसपेपरवर दोन पत्ते लिहून घ्या, गावचा आणि सध्या राहतो तिथला. दर महिन्याला दुसऱ्या पत्त्यानुसार रुग्णांची बेरीज करा आणि पुढच्या प्रस्तावाला ती जोडा.