घाटाआधी अम्मींना विचारा



सुट्टी लागली की घरोघरी सहलीचे बेत सुरू होतात. कोल्हापूरकरांना त्यासाठी फार लांब जावे लागत नाही. शिवाजी पूल ओलांडून पन्हाळ्याच्या रस्त्याला लागायचे आणि केर्लीहून जोतिबाकडे वळायचे. शहरापासून सुमारे 20 किलोमीटरवर हा डोंगर आहे. वरून पंचगंगेचे खोरे, उसाची हिरवी शेते आणि समोरचा पन्हाळा दिसतो.

पण बेत ठरला की घरातले एक माणूस हमखास म्हणते, "तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळते." आमच्याकडे ते माणूस म्हणजे माझ्या सासूबाई. कधी गुडघे दुखतात, कधी पाहुणे येणार असतात, कधी पापड वाळत घातलेले असतात. बारा वर्षे आम्ही ही कारणे खरी मानली.

खरे कारण गेल्या वर्षी कळले. अम्मींची सख्खी बहीण, आमची खाला, रत्नागिरीला असते. तिने अंथरूण धरले. दोघी बहिणी रोज फोनवर रडत. "उद्याच गाडी काढतो," असे मुलांच्या अब्बांनी म्हटले की अम्मी गप्प होत. एका रात्री भांडी आवरताना त्या हळूच म्हणाल्या, "बहिणीला बघायचंय गं. पण मधे आंबा घाट आहे."

मग मला बारा वर्षांपूर्वीचा प्रवास आठवला. कोकणातल्या एका निकाहहून आम्ही परतत होतो. गाडी माझे दीर चालवत होते. अम्मी म्हणाल्या, "सावकाश रे बाबा." त्यांनी गंमत म्हणून गाडी आणखी कडेला घेतली आणि म्हणाले, "बघा अम्मी, दरी किती खोल आहे!" सगळे हसले. हसणाऱ्यांत मीही होते. त्या दिवसानंतर अम्मी एकदाही घाटात गेल्या नाहीत, हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानातही आले नव्हते.

कोल्हापूरहून कोकणात थेट उतरणारी रेल्वे नाही. आंबा, गगनबावडा, फोंडा, अणुस्कुरा, कोणताही रस्ता धरा, सह्याद्री उतरावाच लागतो. म्हणजे घाट टाळायचा तर बहीणही टाळावी लागणार.

नात्यातल्या कुणी ऐकवले, "अल्लाहवर भरवसा असेल तर भीती कसली?" हे ऐकून अम्मी आणखी खजील झाल्या. पण उंचीची भीती आणि ईमान यांचा असा हिशेब मांडता येत नाही. आपण उभे असताना शरीर किंचित डुलत असते. जवळच्या वस्तूंच्या आधाराने डोळे तो तोल सांभाळतात. उंचावर समोर जवळचे काहीच नसले की डोळ्यांचा तो आधार सुटतो, मग पाय लटपटतात आणि छाती धडधडते. जर्मनीतल्या एका मोठ्या पाहणीत दर 100 पैकी 28 जणांनी उंचीवर असा त्रास झाल्याचे सांगितले होते. त्यांत पुरुषही होते. मात्र सपाट जागी, घरात चालतानाही चक्कर येत असेल तर ती गोष्ट वेगळी. तेव्हा डॉक्टरांना दाखवायलाच हवे.

आपल्या दीनने तर प्रवासातल्या भित्र्या माणसाचा विचार केव्हाच केला आहे. अन्जशा नावाचे एक उंटचालक उंटांना जोरात हाकत होते आणि उंटांवर स्त्रिया बसल्या होत्या. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना काचेच्या भांड्यांची उपमा देऊन उंट सावकाश नेण्यास सांगितले. आणखी एका प्रवासात झोपलेल्या सोबत्याला कुणी थट्टेने दचकवले, तेव्हा मुसलमानाने मुसलमानाला घाबरवणे योग्य नाही, अशी समज त्यांनी दिली. दोन्ही प्रसंग हदीसच्या ग्रंथांत आहेत. मी ते दीरांना वाचून दाखवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

आम्ही ठरवले की आंबा घाट एकदम नको, आधी जोतिबा. डोंगरावरच्या गावाचे नाव वाडी रत्नागिरी. अम्मी हसून म्हणाल्या, "रत्नागिरीला जायच्या आधी वाडी रत्नागिरी होय!"

बेत त्यांनाच विचारून आखला. रविवार हा जोतिबाचा वार, म्हणून तो टाळला. पौर्णिमाही टाळली. चैत्र यात्रेला तर तिथे लाखो भाविक सासनकाठ्या घेऊन येतात. गर्दीत घाटात गाडी अडकली आणि मागे घ्यावी लागली तर घाबरलेल्या माणसाचे हाल होतात. पावसाळ्यात धुके असते, दरडीचे भय असते, म्हणून तो सरू दिला. थोरला मुलगा आदल्या दिवशी मोटारसायकलवर जाऊन रस्ता बघून आला. आपण डाव्या बाजूने गाडी चालवतो, त्यामुळे एकाच वळणावर जाताना डोंगराची कड मिळाली तर येताना दरीची मिळते. कुठे दरी लागते आणि कुठे गाडी नीट थांबवता येते, हे त्याने कागदावर लिहून आणले.

अम्मींना मागच्या सीटवर मधोमध बसवले. खिडकीबाहेर न बघता समोरच्या रस्त्याकडे बघायचे. त्यांनी "थांब" म्हटले की "का" न विचारता पुढच्या मोकळ्या जागी थांबायचे. "परत" म्हटले तर परत फिरायचे. गाडीत कुणी दरीचे वर्णन करायचे नाही. आणि चढताना "अल्लाहु अकबर", उतरताना "सुब्हानअल्लाह" म्हणायचे. सहाबांची ही प्रवासातली रीतच होती. संथपणे म्हटले की श्वासही आपोआप संथ होतो.

पहिल्या दिवशी चढ लागताच अम्मी म्हणाल्या, "परत." आम्ही परत फिरलो. कुणी तोंड वाकडे केले नाही. मला वाटते, त्या दिवशीच खरे काम झाले. आपला शब्द गाडीत चालतो, हे त्यांना कळले.

दुसऱ्या खेपेला दोनदा थांबत आम्ही वर पोहोचलो. कड्यापासून दूर चटई अंथरली, थर्मासमधला चहा आणि भडंग खाल्ले. पुढे पन्हाळ्याला जायचे मुलांच्या मनात होते, पण अम्मींनी "आज एवढंच" म्हटले आणि तिथून परतलो. उतरताना दीर दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश चालवत होते. घरी आल्यावर ते म्हणाले, "भाभी, एक सांगू? दुसऱ्याने चालवलेल्या गाडीतून घाटात जायची मलाही भीती वाटते. म्हणून तर नेहमी मीच चालवतो." चालवणाऱ्याच्या हाती गाडी असते, बसणाऱ्याच्या हाती काहीच नसते. म्हणूनच बसलेल्या माणसाच्या शब्दाला मान द्यायचा.

हिवाळ्यात आम्ही रत्नागिरीला गेलो. आंब्याच्या आधी थांबून चहा घेतला. घाटात तीनदा थांबलो. शेवटच्या वळणांवर अम्मींनी डोळे मिटून माझा हात इतका आवळला की बांगडीचा वळ उठला. भीती गेलेली नव्हती. पण खालाच्या उशाशी बसून त्यांनी तिला आपल्या हाताने पेज भरवली, अल्हम्दुलिल्लाह.

भगिनींनो, तुमच्या घरी दरवेळी "मी घर सांभाळते" म्हणणारे कुणी आहे का? पुढचा बेत आखण्याआधी त्यांच्याजवळ एकट्याने बसा आणि विचारा. कारण ऐकून हसू मात्र नका.