गोठ्यातील क्षयरोग : मोजणीविना नियंत्रण कसे?

भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली लाँच रेवसच्या जेट्टीला लागते, तेव्हा मुंबईकराच्या नजरेत प्रथम भरतात त्या कोळ्यांच्या होड्या. जेट्टी मागे टाकून अलिबागची वाट धरली की भातखाचरे, घरामागचे गोठे आणि बांधावर चरणारी जनावरे दिसू लागतात. कोकणातील गोठा लहान, दोन-चार जनावरांचा आणि घराला खेटून असतो. माणूस व जनावर यांच्यातील अंतर जितके कमी, तितका एकाचा रोग दुसऱ्याला जडण्याचा मार्गही जवळचा. क्षय हा अशा रोगांपैकी एक. देशातून क्षयाचे उच्चाटन करण्यासाठी केंद्र सरकारने २०१८ मध्ये २०२५ची मुदत जाहीर केली होती. ती उलटून गेली, तरी जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्ण अजूनही भारतातच आहेत. या मोहिमेत गोठ्याला मिळालेले स्थान मात्र नगण्य आहे.

जनावरांतील क्षयाची व्याप्ती किती? देशभरातील निरनिराळ्या पाहण्यांचा एकत्रित आढावा घेणारा एक शोधनिबंध २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार बाधेचे प्रमाण सुमारे ७.३ टक्के, म्हणजे अंदाजे २ कोटी १८ लाख जनावरे. हा आकडा वेगवेगळ्या काळांतील व वेगवेगळ्या पद्धतींच्या पाहण्यांवरून बांधलेला अंदाज आहे. रेवसच्या गोठ्यात काय चालले आहे, हे त्यावरून कळत नाही. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांविषयीच्या २००९ च्या केंद्रीय कायद्याच्या परिशिष्टात गोवर्गीय क्षयाचा समावेश आहे. परंतु २०१९ मध्ये मोठा गाजावाजा करून सुरू झालेला राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम लाळ-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस या दोन रोगांसाठी आखला गेला. कायद्याने दखल घेतलेला क्षय कार्यक्रमातून सुटला.

या रोगाबाबत सरकारांना सल्ला देण्याचा इतिहास बोधप्रद आहे. क्षयाचा जंतू शोधणारे रॉबर्ट कॉख यांनी १९०१ मध्ये लंडनच्या परिषदेत, गुरांच्या क्षयापासून माणसाला फारसा धोका नाही, असे मत मांडले. ब्रिटिश सरकारने त्या मतावर विसंबून न राहता शाही आयोग नेमला. आयोगाने १९११ च्या अंतिम अहवालात धोका खरा असल्याचे सांगितले. शतकानंतर त्याच देशात बॅजर या बिळात राहणाऱ्या रानटी प्राण्यावरून वाद पेटला. त्यांना मारून गुरांचा क्षय आटोक्यात येणार नाही, असा निष्कर्ष स्वतंत्र वैज्ञानिक गटाने जवळपास दहा वर्षांच्या अभ्यासानंतर २००७ मध्ये काढला. त्याच वर्षी सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांनी उलट सल्ला दिला आणि २०१३ पासून इंग्लंडमध्ये बॅजर मारणे सुरू झाले. सल्ला कोणता स्वीकारायचा, हे अखेर राजकारण ठरवते. पण निदान तेथे वाद घालण्याजोगी आकडेवारी होती!

ब्रिटनचा मूळ उपाय, म्हणजे चाचणी करायची आणि बाधित जनावर मारायचे, महाराष्ट्रात सहज शक्य नाही. १९७६ च्या कायद्याने गोहत्येवर बंदी आहे. २०१५ मध्ये ती वळू व बैलांनाही लागू झाली. या कायद्याबद्दल कोणाचे मत काहीही असो, रोगनियंत्रणाचे धोरण त्याच्या चौकटीतच आखावे लागेल. खरी अडचण येथेच आहे. बाधित ठरलेली गाय सहजासहजी मारता येत नाही. तिचे दूध बंद झाले आणि भरपाईची खात्री नसली, तर शेतकऱ्यापुढे दोनच वाटा उरतात. एक तर तिला गुपचूप बाजारात विकायचे, नाही तर मोकाट सोडायचे. दोन्ही वाटांनी रोग दुसऱ्या गोठ्यात जातो. अशा स्थितीत चाचणी करून घेण्यास शेतकरी आपण होऊन पुढे येईल, ही अपेक्षाच भाबडी आहे.

म्हणून पहिला सल्ला भरपाईचा. २०२२ मध्ये लम्पीच्या साथीत राज्य सरकारने मृत दुभत्या गाईमागे ३० हजार, बैलामागे २५ हजार आणि वासरामागे १६ हजार रुपये देऊ केले. मनात आणले तर सरकारला हे जमते. क्षयबाधित जनावर वेगळे ठेवण्यासाठी जागा, चारा आणि बुडालेल्या दुधाचा मोबदला, ही त्याचीच पुढची पायरी.

दुसरा सल्ला मोजणीचा. रेवस ते अलिबाग हा पट्टा एका बाजूस समुद्र व दुसरीकडे धरमतरची खाडी यांनी बऱ्याच अंशी बांधलेला आहे. येथील प्रत्येक गोठ्यात ट्यूबरक्युलिन चाचणी करून पाहिली, तर राज्यासाठी एक विश्वासार्ह नमुना हाती येईल.

तिसरा सल्ला दोन खात्यांच्या समन्वयाचा. क्षयरुग्णाच्या घरी गोठा असेल, तर त्याची खबर पशुवैद्यकाला गेली पाहिजे. बाधित जनावर सापडले, तर घरातील माणसांची तपासणी झाली पाहिजे. नेहमीच्या चाचण्यांत जंतू माणसाचा की जनावराचा, हे कळत नाही. मायकोबॅक्टेरियम बोव्हिस या गोवर्गीय जंतूवर क्षयाच्या चार प्रमुख औषधांपैकी पायराझिनामाइड हे औषध मुळातच चालत नाही. वेल्लोर येथील नमुन्यांच्या २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर ९४० नमुन्यांत हा जंतू एकदाही आढळला नाही. मात्र ओरिजिस हा त्याचा भाऊबंद सात नमुन्यांत सापडला. तेव्हा शोध दोहोंचा घ्यावा लागेल.

लसीचा पर्यायही आहे. इथिओपियातील वासरांवरील प्रयोगात बीसीजीची एकूण परिणामकारकता सुमारे ८९ टक्के आढळल्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले. परंतु लस टोचलेले जनावर जुन्या चाचणीत बाधित ठरू शकते. त्यामुळे हा फरक ओळखणारी नवी चाचणी सोबत हवी.

दूध उकळण्याच्या आपल्या सवयीने शहरी ग्राहकाला आजवर बरेच तारले आहे. धारोष्ण दुधाचे कौतुक करणाऱ्यांनी हे विसरू नये. पण गोठा झाडणाऱ्या बाईला आणि कच्चे दूध पिणाऱ्या पोराला ही ढाल नाही. त्यांच्या वाट्याचा धोका किती, हे सांगता येऊ नये, ही उच्चाटनाच्या घोषणा करणाऱ्या सरकारला शोभणारी गोष्ट नव्हे. मोजणी आणि भरपाई यांच्यापासून सुरुवात करणे, हाच यावरचा प्रामाणिक उपाय आहे.