वजन मालकाचे, लायसन मात्र ड्रायव्हरचे!

हमरस्त्यावर मोठा अपघात झाला की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांतून ओरड सुरू होते : ट्रकवाल्यांची लायसन्स रद्द करा! ओरडणाऱ्याच्या लेखी लायसन म्हणजे खिशातले एक कार्ड. मोटारीने कचेरीला जाणाऱ्या साहेबाचे लायसन तीन महिने बंद झाले तर साहेब रिक्षाने जाईल, नाहीतर पगारी ड्रायव्हर ठेवील. मालट्रकवरच्या कामगाराचे लायसन तीन महिने बंद झाले म्हणजे त्याच्या घरची चूल तीन महिने बंद. कायद्याच्या पुस्तकात दोघांची शिक्षा एकच लिहिलेली आहे, आणि यालाच समानता म्हणण्याची पद्धत आहे!

हा प्रश्न रेल्वे आणि टपाल कामगारांच्या पानावर कशाला, असे कोणी विचारील. टपाल खात्याच्या मेल मोटर सर्व्हिसमधला आमचा बांधव याच कायद्याखाली गाडी चालवतो, हे एक कारण. गुड्स शेडमध्ये रेक लागला की बाहेर जी ट्रकची रांग उभी राहते तिच्याशी आमचा रोजचा संबंध आहे, हे दुसरे. आणि तिसरे कारण असे की, या अन्यायावरचा तोडगा रेल्वेच्याच कायद्यात लिहून ठेवलेला आहे.

लायसन जाते कसे, ते आधी पाहू. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १९ प्रमाणे परवाना अधिकारी, म्हणजे आपल्या बोलीत आरटीओ, ते काढून घेऊ शकतो. कलम २० प्रमाणे न्यायालय काढून घेऊ शकते. धोकादायक गाडी हाकल्याबद्दल एकदा शिक्षा झालेल्या ड्रायव्हरवर पुन्हा तशाच हाकण्याने मृत्यू किंवा गंभीर दुखापत घडवल्याचा गुन्हा नोंदला गेला, तर कलम २१ प्रमाणे खटल्याचा निकाल लागण्याआधीच लायसन सहा महिने निलंबित होते. त्याआधी निर्दोष सुटला तरच लवकर मोकळे होते. दारुडा, अमली पदार्थांचा व्यसनी, गाडीतून गुन्हे करणारा, खोटी कागदपत्रे दाखवून लायसन काढणारा, यांची बाजू आम्ही घेत नाही. दारू पिऊन गाडी चालवल्याची शिक्षा झाली तर किमान सहा महिने लायसन बंद, हे योग्यच आहे. ड्युटीवर चढताना श्वासचाचणीच्या यंत्रात फुंकणाऱ्या लोको पायलटला ते पटवून द्यावे लागणार नाही.

आमचे भांडण दुसऱ्याच ठिकाणी आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम २१ आहे. कोणत्या कृत्यांमुळे ड्रायव्हर जनतेला उपद्रवी किंवा धोकादायक ठरतो, याची यादी त्यात दिली आहे. गाडीची चोरी, वाहतुकीच्या मालाची चोरी, प्रवाशांना मारहाण, प्रवाशांना पळवून नेणे. आणि याच चोर-दरोडेखोरांच्या पंगतीला बसवले आहे ते मालवाहू गाडीत जादा वजन नेण्याला! ऑगस्ट २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने सर्व राज्यांना कळवले की, ज्या गुन्ह्यांसाठी लायसन किमान तीन महिने निलंबित करायचे त्यांत ओव्हरलोडही धरावा. तेव्हापासून हे हत्यार जास्तच परजले गेले.

आता आम्ही विचारतो, ट्रकमध्ये माल कोण भरतो? भरतात हमाल. किती भरायचा ते ठरते व्यापारी आणि वाहतूकदार यांच्यात, भाडे ठरते त्याच वेळी. बिल्टी फाडतो ऑफिसातला कारकून. ड्रायव्हरच्या हाती येते ती भरलेली गाडी आणि कधी पोचायचे त्याचा हुकूम. पाटे बसलेले त्याला दिसतात, गाडी चढावर किती दम टाकणार ते त्याला कळते. पण 'वजन जास्त आहे, मी नेत नाही' असे म्हटले तर चावी दुसऱ्याच्या हातात जाते आणि हा फाटकाबाहेर. जादा टनांचे भाडे ज्याच्या गल्ल्यात पडते त्याचे काहीच जात नाही. वजनकाट्यावर गाडी अडली की जाते ते ड्रायव्हरचे लायसन.

रेल्वेत असे चालते का? वाघिणीत मर्यादेपेक्षा जास्त माल भरलेला सापडला तर रेल्वे कायदा, १९८९ चे कलम ७३ लागते. दंडात्मक आकार वसूल होतो तो माल पाठवणाऱ्याकडून, माल घेणाऱ्याकडून किंवा ज्याच्या नावे पावती फिरवली असेल त्याच्याकडून. व्यापाऱ्याने कोळसा जास्त भरला म्हणून लोको पायलटला इंजिनावरून उतरवा, असे कोणी म्हणाले तर रनिंग रूममध्ये हशा होईल. रुळांवर जे हास्यास्पद ठरते तेच रस्त्यावर कायदा म्हणून चालते!

आणि कायदा करणाऱ्यांना हे माहीत नव्हते असेही नाही. मोटार वाहन कायद्याच्याच कलम ११३ मध्ये म्हटले आहे की, जादा वजनाची गाडी चालवणारा स्वतः मालक नसेल, तर तो गुन्हा मालकाच्या माहितीने किंवा हुकमाने घडला असे न्यायालय गृहीत धरू शकते. वजनाची मर्यादा पाळणे आणि ड्रायव्हरच्या कामाच्या तासांची मर्यादा पाळणे, या दोन्ही कलम ८४ प्रमाणे मालकाच्या परमिटच्या अटी आहेत. अट मोडली तर परमिट निलंबित व्हावे की नाही? व्हावे, पण लगेच कलम ८६ मालकाच्या मदतीला धावते : मालक ठरलेली रक्कम भरायला तयार असेल आणि अधिकाऱ्याला योग्य वाटले, तर परमिट रद्द किंवा निलंबित न करता पैसे घेऊन प्रकरण मिटवता येते. ड्रायव्हरच्या निलंबनाला अशी पळवाट नाही, आणि असती तरी तो रक्कम कुठून भरणार? २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४ खाली जादा वजनाचा दंड वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार असा केला. मालक तो धंद्याच्या खर्चात टाकतो. गेलेले तीन महिने ड्रायव्हरने कोणत्या खात्यात टाकायचे?

२०१९ च्या दुरुस्तीने आणखी एक गोष्ट केली. वेग, धोकादायक चालवणे, दारू, तसेच गाडी नादुरुस्त स्थितीत चालवणे अशा गुन्ह्यांत पोलिसाने लायसन जप्त करून परवाना अधिकाऱ्याकडे पाठवायचे. पहिल्या वेळी तीन महिने अपात्र, दुसऱ्या वेळी लायसन रद्दच. जप्तीची पोचपावती मिळते, पण कलम २०६ मध्ये स्पष्ट लिहिले आहे की, या पावतीवर गाडी चालवता येणार नाही. म्हणजे सुनावणी पुढे केव्हा तरी, आणि शिक्षा त्याच क्षणापासून. ब्रेकचे लायनर मालकाने सहा महिने बदलले नाहीत, तरी नादुरुस्त गाडी चालवली म्हणून लायसन जाणार ड्रायव्हरचे. पोलीस फक्त जप्त करून पाठवू शकतात, निलंबनाचा अधिकार परवाना अधिकाऱ्याचाच, हे कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले. चांगले केले. पण ते टोलनाक्यावर रात्री दोन वाजता कोण कोणाला वाचून दाखवणार?

तासांचे म्हणाल तर १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ठरवून दिले. तो कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहितेत विरघळला. आठ तास तिथेही आहेत, कागदावर. रेल्वेच्या लोको रनिंग बांधवांना दहा तासांच्या ड्युटीचे नुसते आश्वासन मिळवायला १९७३ मध्ये संप करावा लागला, ते जुन्या मंडळींना आठवत असेल. ट्रकवाल्याची नोंदवही कोण तपासतो? डुलकी लागून गाडी उलटली की मात्र सगळे तपासायला येतात.

डोळ्यांचा प्रश्नही असाच. व्यावसायिक लायसन दर पाच वर्षांनी नवे करताना डॉक्टरचा दाखला लागतो. नजर उतरली तर लायसन नाही. रस्त्यावरच्या माणसांचा जीव लक्षात घेता हेही बरोबर. पण लोको पायलट वैद्यकीय चाचणीत नापास झाला तर त्याला पगार राखून पर्यायी काम द्यावे लागते. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने ते बंधन घातले, २०१६ च्या कायद्यानेही ते ठेवले, आणि संघटना मागे उभी राहते म्हणून ते पाळले जाते. ट्रकवर वीस-पंचवीस वर्षे काढलेल्या माणसाला मालक म्हणतो, उद्यापासून येऊ नकोस.

जानेवारी २०२४ मध्ये देशभरचे ट्रकचालक रस्त्यावर उतरले. अपघातानंतर न कळवता निघून गेल्यास दहा वर्षांपर्यंत कैद, असे न्याय संहितेचे ते पोटकलम होते. जमावाच्या भीतीने थांबणे शक्य नसते, हे मोटार वाहन कायद्याचे कलम १३४ स्वतः मान्य करते! चाके थांबली तेव्हा सरकार बोलायला तयार झाले, आणि १ जुलै २०२४ ला संहिता लागू करताना ते पोटकलम बाजूला ठेवण्यात आले. तुरुंगाची तलवार त्या वेळी टळली, लायसनवरची कात्री तशीच आहे.

म्हणून आमची मागणी आहे की, ओव्हरलोड नियम २१ मधून काढा आणि रेल्वेसारखा दंड माल पाठवणाऱ्यावर व मालकावर बसवा. दारू किंवा मृत्यूचे प्रकरण नसेल तर सुनावणी होईपर्यंत पोचपावतीवर गाडी चालवू द्या. पैसे भरून परमिट वाचवण्याची मालकाची सवलत निदान ओव्हरलोडच्या बाबतीत बंद करा.

मागण्या मान्य होईपर्यंत जे हाती आहे ते वापरले पाहिजे. कलम १९ प्रमाणे म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय आणि कारणे लेखी दिल्याशिवाय लायसन काढून घेता येत नाही, आणि आदेश हाती पडल्यापासून ३० दिवसांत अपील करता येते. पण नोटीस जाते घरच्या पत्त्यावर, आणि ड्रायव्हर असतो कुठे तरी गुवाहाटीच्या वाटेवर. पाकीट 'पत्त्यावर नाही' असा शेरा घेऊन परत जाते आणि तिकडे एकतर्फी आदेश होतो. ते पाकीट आमच्याच पोस्टमन बांधवाच्या पिशवीतून येते. नियम मोडा असे आम्ही सांगत नाही. पण आरटीओचे पाकीट घरी कोणी घेतले तर दोन शब्द सांगा : आज उघडा, घरधन्याला फोन करा, तारीख लिहून ठेवा. आणि स्टेशनांजवळच्या आमच्या शाखा-कचेऱ्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ या ड्रायव्हरांचे अर्ज लिहून देण्यासाठी राखावी. आरोपपत्राला उत्तर कसे लिहायचे हे आपल्या जुन्या कार्यकर्त्यांइतके दुसऱ्या कोणाला येते?